इपॉक्सीत नॅनोसिलिका: वजनकाट्यापासून पंक्चरपर्यंत

दोन टक्के नॅनोसिलिका (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) घातलेली इपॉक्सीची इन्सुलेशनची चकती विद्युतदाब चढवताना साध्या चकतीच्या आधी पंक्चर झाली, तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. दुसरी लावली, तिसरी लावली, तीच गत. जुलै महिना, कॉलेज कोकणपट्टीतलं, प्रयोगशाळेची एक खिडकी कायमची अडकलेली, आणि सिलिकाची पिशवी आठवडाभर रबरबँड लावून कपाटात. चूक सापडायला दीड महिना गेला. तुमचा तो दीड महिना वाचावा म्हणून सगळी कृती सविस्तर लिहितो आहे.

एम.ई.चा किंवा डिप्लोमाचा प्रकल्प करणारे, सीटी-पीटी (मापनाचे ट्रान्सफॉर्मर) ओतणाऱ्या कारखान्यातले, मोटर वाइंडिंगच्या व्हार्निशवर डोकं खपवणारे, अशांसाठी हे लिखाण आहे. उदाहरण एकच घेतो: बिसफिनॉल-ए जातीचं इपॉक्सी रेझिन, अ‍ॅनहायड्राइड हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) आणि फ्यूम्ड सिलिका (नॅनोसिलिकेची हलकी पूड).

आधी ठरवा, सुधारायचं काय

ब्रेकडाउन म्हणजे विद्युतदाबाने इन्सुलेशन फुटणं. ‘ब्रेकडाउन सुधारला’ हे वाक्य फार ढिसाळ आहे. एसी व्होल्टेज भरभर चढवून मिळालेला ब्रेकडाउन वेगळा, डीसीवरचा वेगळा, आणि वर्षानुवर्षं आंशिक विसर्गाचा म्हणजे पार्शल डिस्चार्जचा मारा खाऊन आलेलं मरण तिसरंच. पोकळीतला विसर्ग प्लास्टिक पोखरतो, त्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या वाटा फुटतात (यालाच ट्रीइंग म्हणतात) आणि शेवटी इन्सुलेशन आरपार जातं.

नॅनोफिलरचा (प्लास्टिकमध्ये मिसळलेल्या अशा सूक्ष्म पुडीचा) फायदा या तिन्हींत सारखा नसतो. ट्रीइंग आणि विसर्गाची झीज यांत तो ठळक दिसतो, कारण सिलिका विसर्गाला जुमानत नाही आणि फांदीला वळसे घालत पुढं जावं लागतं. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरींसाठी असे सूक्ष्म कण घातलेल्या एनॅमलच्या तारा बाजारात मिळतात, त्या याच गुणासाठी. एसीच्या झटपट चाचणीत मात्र इपॉक्सीत फरक थोडाच पडतो, कधी पडतही नाही. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ‘चाळीस टक्के वाढ’ लिहून ठेवली असेल, तर ती आधी खोडा.

डीसीवर काय होऊ शकतं याचं गाजलेलं उदाहरण २००५ सालचं, अमेरिकेतल्या ट्रॉय इथल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकचं. केबलच्या एक्सएलपीईत (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या पॉलिथिनमध्ये) त्यांनी ५ टक्के नॅनोसिलिका मिसळली. खोलीच्या तापमानाला साध्या एक्सएलपीईचं ब्रेकडाउन सामर्थ्य २६९ किलोव्होल्ट प्रति मिमी आलं. नुसती सिलिका घातल्यावर ते ३१४ झालं, आणि व्हिनिलसिलेनची (सिलेन म्हणजे कण आणि प्लास्टिक यांना जोडणारं रसायन) प्रक्रिया केलेली सिलिका घातल्यावर ४४६. पूड तीच, प्रमाण तेच. फरक फक्त कणाच्या पृष्ठभागावर काय चिकटवलं एवढ्याचा. पुढच्या सगळ्या खटपटीचं मर्म या तीन आकड्यांत आहे.

कणाची कातडी

१२ नॅनोमीटर व्यासाचा सिलिकाचा कण घ्या, घनता २.२. गोल कणाचं विशिष्ट पृष्ठफळ म्हणजे ६ भागिले (घनता गुणिले व्यास). उत्तर येतं ग्रॅममागे सुमारे २२७ चौरस मीटर. बाजारातल्या अशा पुडीच्या डब्यावर २०० लिहिलेलं असतं, म्हणजे हिशेब जुळतो. आपल्याला एका घाण्याला साधारण ३.९ ग्रॅम पूड लागणार आहे. तिचा पृष्ठभाग भरतो ७८० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची सहा मैदानं. एवढा मोठा पृष्ठभाग तुम्ही दोनशे ग्रॅम रेझिनमध्ये कोंबणार आहात. रेझिन त्याला नीट चिकटलं तर फायदा, आणि मध्ये पाणी किंवा हवा राहिली तर सहा मैदानांएवढी खोट.

इन्सुलेशनच्या दुनियेत हा विचार टी. जे. लुइस यांनी १९९४ मध्ये मांडला. २००५ मध्ये जपानच्या तोशिकात्सु तानाका आणि सहकाऱ्यांनी कणाभोवती एकावर एक थर कल्पून त्याचं मॉडेल केलं. कणालगतच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यात पॉलिमरच्या साखळ्यांची हालचाल बदलते, विद्युतभार अडकतात, आणि इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळं रान मिळत नाही.

मग पूड जितकी जास्त तितकं बरं का? दोन कणांमधलं अंतर मोजून बघा. सगळे कण सुटे आणि समान अंतरावर आहेत असं धरलं, तर वजनाने १ टक्क्याला दोन पृष्ठभागांमध्ये अंदाजे ४३ नॅनोमीटर जागा उरते, ५ टक्क्यांना २० आणि १० टक्क्यांना १३. म्हणजे ५ टक्क्यांच्या पुढं कणांभोवतीचे पट्टे एकमेकांत घुसायला लागतात आणि भार वाहून न्यायला सलग वाट तयार होऊ शकते. शिवाय कण सुटे राहतच नाहीत, गुठळ्या होतात. म्हणून ०.५, १, २, ३ आणि ५ टक्के एवढेच नमुने करा.

फिलर निवडताना मी पहिल्यांदा सिलिकाच घ्यायला सांगतो. तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्रात पदार्थ किती भार साठवतो याचं माप) ३.९ च्या आसपास, इपॉक्सीचाही साधारण तेवढाच, त्यामुळे कणापाशी विद्युतक्षेत्र वाकडंतिकडं होत नाही. अ‍ॅल्युमिना साडेनऊच्या घरात. उष्णता वाहून न्यायची असेल तर ती किंवा बोरॉन नायट्राइड विचारात घ्या. रुटाइल टायटॅनियाचा स्थिरांक शंभराच्या आसपास जातो, नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

वजन

इथं निम्मे प्रकल्प घसरतात. समजा घाण्यात रेझिन १०० ग्रॅम, हार्डनर ९० ग्रॅम आणि अ‍ॅक्सिलरेटर १ ग्रॅम. (तुमच्या रेझिनचं प्रमाण त्याच्या डेटाशीटवरून घ्या.) एकूण १९१. दोन टक्के सिलिका म्हणजे १९१ गुणिले ०.०२ भागिले ०.९८, म्हणजे ३.९ ग्रॅम. बरेच जण रेझिनच्या शंभर ग्रॅमवर दोन टक्के धरून २ ग्रॅम टाकतात आणि अहवालात ‘२ टक्के’ लिहितात. प्रत्यक्षात तो एक टक्का असतो.

फ्यूम्ड सिलिका इतकी हलकी असते की हे ३.९ ग्रॅम टपरीवरचा कटिंगचा ग्लास काठोकाठ भरतात. पंखा बंद करा. ही पूड फुफ्फुसात जाता कामा नये, तेव्हा फ्यूम हूडखाली काम करा, निदान एन९५ मास्क आणि चष्मा हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

वाळवण

आमचा दीड महिना इथं गेला होता. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाण्याचं भारी वेड. कोकणातल्या जुलैत उघडी राहिलेली पूड हवेतलं पाणी ओढते, ते पाणी कणाभोवती कवचासारखं बसतं आणि तसंच इपॉक्सीत जातं. इपॉक्सी घट्ट झाल्यावर कणांभोवती ओली कवचं अडकलेली. साध्या इपॉक्सीत हा प्रकार नाही, म्हणून तीच वरचढ ठरली.

पूड काचेच्या ताटलीत पातळ पसरा आणि व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांना रात्रभर, जमलं तर चोवीस तास ठेवा. वाळवण्याआधी आणि नंतर वजन करा. किती पाणी गेलं ते वहीत आलंच पाहिजे. ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात), आणि तिथून थेट रेझिनमध्ये. पुडीचं घाण्यासाठीचं वजनही वाळल्यानंतरच करायचं.

अ‍ॅनहायड्राइड हार्डनरचीही तीच कथा. डबा उघडा राहिला की हवेतल्या पाण्याने त्याचं आम्ल होतं आणि मग तो नीट जोडला जात नाही. पावसाळ्यात मोठा कॅन उघडत बसण्यापेक्षा छोट्या बाटल्यांत गच्च बंद करून ठेवा.

सिलेन चढवणं

इपॉक्सीसाठी ज्याच्या शेपटाला इपॉक्सी गट आहे असा सिलेन घ्यावा: ग्लायसिडॉक्सीप्रोपिल-ट्रायमेथॉक्सीसिलेन. नाव लांबलचक असलं तरी दुकानदाराला ‘ग्लायमो’ सांगितलं की कळतं. पॉलिथिन असेल तर व्हिनिल जातीचा.

किती घ्यायचा? हा सिलेन ग्रॅममागे सुमारे ३३० चौरस मीटर झाकतो. १० ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग २००० चौरस मीटर, म्हणजे एक सलग थर द्यायला ६ ग्रॅम. आम्ही निम्म्यापासून सुरुवात करतो. जास्तीचा सिलेन कणाला न चिकटता रेझिनमध्ये सुटा फिरतो आणि त्याला मऊ करून ठेवतो.

९५ भाग इथेनॉल आणि ५ भाग पाणी असं अर्धा लिटर द्रावण करा. अ‍ॅसेटिक आम्लाच्या थेंबांनी पीएच साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान आणा. सिलेन घालून पाच मिनिटं ढवळा, म्हणजे तो पाण्याशी क्रिया करून तयार होतो. मग पूड थोडी थोडी घाला आणि दोन तास ढवळत ठेवा. सेंट्रिफ्यूज करून इथेनॉलने दोनदा धुवा, ११० अंशांना वाळवा. वाळल्यावर ढेकळं होतात, ती खलात हलक्या हाताने फोडा. इथेनॉल पेट घेतं, तेव्हा आसपास उघडी शेगडी नको.

हे सगळं नको असेल तर ४० टक्क्यांपर्यंत नॅनोसिलिका आधीच विरवलेलं रेझिन विकत मिळतं, कण साधारण २० नॅनोमीटरचे. त्यात साधं रेझिन घालून हवं ते प्रमाण साधायचं. महाग पडतं, पण खातं मंजुरी देत असेल तर बिनदिक्कत घ्या. हाताने मिसळलेल्या पुडीला तसा सुटेपणा कधीच येत नाही.

मिसळणं

उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं की पिठल्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेच इथं. रेझिन ६० अंशांपर्यंत गरम करून पातळ करा. हार्डनर अजून घालायचा नाही. पूड चिमटी-चिमटीने टाकत यांत्रिक ढवळणीने अर्धा तास फिरवा. मग प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारी दांडी): ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, असा एकूण वीस-तीस मिनिटं, भांडं थंड पाण्याच्या टबात ठेवून. सलग चालवलात तर प्रोबच्या टोकापाशी रेझिन जळून पिवळं पडतं.

गुठळ्या फुटल्या का हे बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वाट पाहू नका. एक थेंब दोन काचपट्ट्यांत दाबून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून बघा. नॅनोकण तिथं दिसणं शक्यच नाही. म्हणजे जे काही ठिपके दिसतात त्या गुठळ्या. रंगाच्या कारखान्यातला हेगमन गेज मिळाला तर तोही चालतो, मिश्रण त्याच्या खाचेवर ओढलं की मोठी ढेकळं रेघा मारून स्वतःच चुगली करतात. गुठळी हा नॅनोफिलर नसतो. तो मायक्रोफिलर झाला, आणि मायक्रोफिलर ब्रेकडाउन सामर्थ्य सहसा खाली आणतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. तुलनेसाठीची साधी इपॉक्सीसुद्धा याच सगळ्या चक्रातून न्या. तेवढाच वेळ ढवळणं, तेवढंच सोनिकेशन, तेच व्हॅक्यूम, तोच ओव्हन, शक्य तर तोच दिवस. नाहीतर परीक्षकाचा पहिलाच प्रश्न तुम्हाला गप्प करील.

हवा काढणं आणि ओतणं

हार्डनर आणि अ‍ॅक्सिलरेटर घालून हळू ढवळा आणि ६० अंशांना व्हॅक्यूम लावा. फेस दुधासारखा वर येतो, म्हणून भांडं मिश्रणाच्या चौपट तरी मोठं हवं आणि व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. फेस बसून पृष्ठभाग शांत होईपर्यंत थांबा. सिलिकेमुळे मिश्रण दाट होतं, त्यामुळे ५ टक्क्यांच्या घाण्याला साध्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. घाई केली तर तुम्ही बुडबुड्यांची चाचणी घ्याल, नॅनोफिलरची नव्हे. ४ स्थिरांकाच्या इपॉक्सीतल्या गोल बुडबुड्यात विद्युतक्षेत्र भोवतालच्या १.३३ पट होतं, चपट्या पोकळीत तर जवळजवळ ४ पट. आणि आतली हवा इपॉक्सीच्या कितीतरी आधी फुटते.

साचा म्हणजे रिलीज एजंट लावलेल्या दोन काचा आणि मध्ये ०.५ मिमीची टेफ्लॉनची पट्टी. काचा आधीच गरम करून ठेवा, तिरप्या धरा आणि एका कोपऱ्यातून धार लावा. मग क्युरिंग (तापवून घट्ट करणं): समजा १०० अंशांना काही तास आणि १४० ला पुढचे काही तास, नेमकं वेळापत्रक रेझिनच्या डेटाशीटप्रमाणे. ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्या.

चकत्या कापल्यावर दिव्यासमोर धरून बुडबुडे बघा. सोय असेल तर डीएससीवर (उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याला घट्ट इपॉक्सी मऊ पडू लागते ते, मोजा. पूड घातलेल्या नमुन्यात ते बरंच खाली आलं असेल, तर हार्डनरचं प्रमाण बिघडलंय, सिलेन सुटा राहिलाय किंवा पाणी शिरलंय. असे नमुने चाचणीला नेण्यात अर्थ नाही.

आमच्या जुलैच्या चकत्यांची शंका खात्रीत बदलली ती दोन डब्यांमुळे. एकात सिलिका जेल, दुसऱ्यात साध्या मिठाचं तळाशी मीठ उरेल इतकं दाट द्रावण. मिठाचं असं द्रावण बंद डब्यात २५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता धरून ठेवतं, हे महागडं ह्युमिडिटी चेंबर नसलेल्यांचं जुनं शस्त्र आहे. तुमचे निम्मे नमुने कोरड्या डब्यात आणि निम्मे दमट डब्यात महिनाभर ठेवा, दर आठवड्याला वजन करा. नॅनोवाले नमुने दमट डब्यात साध्यापेक्षा जास्त वजन घेत असतील तर सिलेन नीट चढलेला नाही.

चाचणी

आयईसी ६०२४३-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे खालचं इलेक्ट्रोड ७५ मिमी, वरचं २५ मिमी, कडा ३ मिमी त्रिज्येने गोलावलेल्या. सगळं ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवा, नाहीतर ठिणगी चकतीच्या पृष्ठभागावरून काठाला वळसा घालून जाईल. तेल कोरडं हवं.

व्होल्टेज चढवायचा वेग असा निवडा की पंक्चर १० ते २० सेकंदांत होईल. ०.५ मिमीच्या चकतीला मिमीमागे ३५ किलोव्होल्ट धरले तर १७.५ किलोव्होल्ट लागतील, म्हणजे सेकंदाला १ किलोव्होल्ट. सगळ्या नमुन्यांना तोच वेग. जाडी मायक्रोमीटरने पंक्चरच्या जागेजवळच मोजा. आणि ०.५ मिमीच्या चकतीची १ मिमीच्या चकतीशी तुलना करू नका, जाडी वाढली की किलोव्होल्ट प्रति मिमी आपोआप कमी भरतं.

प्रत्येक फटक्यानंतर भोक कुठं पडलं ते लिहा, इलेक्ट्रोडवरची काजळी पॉलिश करून काढा, तेलात काळे कण तरंगत असतील तर तेल बदला. प्रत्येक प्रमाणाचे निदान दहा, शक्य तर वीस नमुने लागतील.

जाळीचं दार उघडलं की सप्लाय तुटतो ना, हे रोज सकाळी तपासा. आत हात घालण्याआधी अर्थिंग रॉड टोकाला लावून ठेवा. एकट्याने एचटी (उच्च दाबाची) चाचणी करायची नाही, मग सर कितीही घाईत असोत.

आकडे वाचणं

सरासरी काढून थांबू नका. ब्रेकडाउन हा साखळीच्या सगळ्यात कच्च्या कडीचा खेळ आहे, म्हणून इथं वायबुल वितरण वापरतात, आणि त्याची पद्धत आयईसी ६२५३९ मध्ये दिली आहे. आकडे चढत्या क्रमाने लावा. i व्या आकड्याची संभाव्यता, (i वजा ०.४४) भागिले (n अधिक ०.२५), अशी काढा (n म्हणजे एकूण नमुने) आणि आलेख मांडा. दोन गोष्टी हाती येतात. अल्फा म्हणजे ज्या क्षेत्राला ६३.२ टक्के नमुने गेलेले असतात ते मूल्य, आणि बीटा म्हणजे आकडे किती एकजुटीने आले त्याचं माप.

आता हे कल्पित उदाहरण बघा. साध्या इपॉक्सीचा अल्फा ३६, बीटा १५. नॅनोवाल्याचा अल्फा ३८, बीटा ८. अहवालात ‘साडेपाच टक्के सुधारणा’ म्हणून पेढे वाटले जातील. पण शंभरात एक नमुना कुठं जाईल ते काढा: साध्याचा २६.५ ला, नॅनोवाल्याचा २१.४ ला. कारखानदाराला हवा असतो तो हा आकडा, कारण त्याच्या शंभर सीटींतला एक जरी साइटवर फुटला तरी परत येणारा ट्रक त्याच्याच दारात उभा राहतो. बीटा घसरला की समजावं, कुठंतरी गुठळ्या किंवा बुडबुडे आहेत, आणि मिसळण्याच्या पायरीकडे परत जावं. फॉर्म्युला बदलून काही होत नाही.

झटपट चाचणीत फरक दिसला नाही तरी नमुने फेकू नका. सुईच्या टोकाचं इलेक्ट्रोड इपॉक्सीत ओतून, टोकापासून २-३ मिमीवर सपाट इलेक्ट्रोड ठेवून, ठरलेल्या एसी व्होल्टेजवर झाड किती वेळात आरपार जातं ते मोजा. सुई ओतताना तिच्या टोकाशी बुडबुडा राहू देऊ नका. वाइंडिंगच्या तारेवर काम करत असाल तर दोन तारांची पिळलेली जोडी घेऊन तीच तुलना करता येते. साधी आणि २ टक्केवाली जोडी शेजारी-शेजारी, एकाच ट्रान्सफॉर्मरवर लावा, घड्याळ चालू करा आणि वेळ मिनिटांत लिहा. रात्री चाचणी चालू ठेवणार असाल तर वॉचमनला आधी सांगून ठेवा, आणि दारावर पाटी लावा.